अर्धी वीट

टीव्हीच्या पडद्यावर एक मुलगी रस्ता ओलांडून येत होती आणि ती लंगडत होती. शालिकरामला आधी तिची कीव आली. बिचारी, कोणाची असेल, असं मनात आलं, आणि त्याच्या मागोमाग धंद्याची जुनी खोड म्हणून हेही आलं, की हिला उभी करायची नाही, खुर्चीवर बसवायची, साडीचा घेर पुढे पसरायचा, मांडीवर एखादं पुस्तक द्यायचं. मग त्या मुलीनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि पिशवी ओळखीची निघाली. ती पुष्पा होती. त्याची स्वतःची मुलगी, सव्वीस वर्षांची, जिला तो सकाळ-संध्याकाळ घरात बघत होता. बटणं आणायला ती समोरच्या दुकानात गेली होती आणि परत येताना दुकानदार उत्तमनं कोणाला न विचारता दारातून कॅमेरा रोखला होता आणि आता तेच टीव्हीवर लावलं होतं. आपल्या पोरीला आपण ओळखलं नाही याची लाज वाटली, का ओळखल्यावर जे दिसलं त्याची, हे शालिकरामला त्या वेळी सांगता आलं नसतं. पुष्पा तोवर खरीच दुकानात शिरून बाकावर बसली होती आणि पडद्यावरची पुष्पा अजून रस्त्यातच होती.

उत्तमचं दुकान सौंसरच्या बस स्टँडमागे होतं. तो रेडिओ दुरुस्त करायचा, लग्नसराईत व्हीसीआर भाड्यानं द्यायचा, आणि कुवेतला असलेला त्याचा साळा सुट्टीवर आला की त्यानं आणलेल्या वस्तू विकायचा. यंदा साळ्यानं तीन कॅमेरे आणले होते. एक पोरांच्या कंपासपेटीएवढा, नुसते फोटो काढणारा. एक खांद्यावर घ्यायचा, एखाद्या आजारी बकरीच्या वजनाचा. आणि तिसरा हा, तळहातावर बसणारा, चिमुकली कॅसेट पोटात घेणारा. उत्तमचं म्हणणं, घ्यायचा तर हाच, कारण एकात दोन. फिल्म तर निघतेच, आणि फोटो पाहिजे असला की एक बटण दाबायचं, चित्र जागच्या जागी थांबतं, झाला फोटो. त्यानं ते करूनही दाखवलं. पुष्पा रस्त्याच्या मधोमध थांबली, एक खांदा खाली गेलेला, डावा पाय अजून मागेच, अंगावर दोन पांढऱ्या रेघा थरथरत असलेल्या. शालिकरामनं अठ्ठावीस वर्षं पांढुर्ण्यात स्टुडिओ चालवला होता. याला फोटो म्हणत नाहीत एवढं त्याला कळत होतं. फोटो म्हणजे माणसाला तयार व्हायला वेळ दिलेला असतो. त्याचा तिपाईवरचा जुना कॅमेरा मांडायलाच दहा मिनिटं लागायची आणि त्या दहा मिनिटांत कोणीही थोडंफार देखणं होत असे. हे खिशातलं यंत्र मात्र माणूस जसा असेल तसा उचलून घेत होतं. तो उत्तमला म्हणाला, बंद कर ते.

तरी त्यानं तोच निवडला. विकत नव्हे अजून. दोन दिवस वापरून बघायला. उत्तम म्हणाला, न्या काका, तुमच्यावर भरोसा नाही ठेवायचा तर कोणावर, परवा संध्याकाळपर्यंत सांगा, बैतूलचा एक माणूस मागे लागला आहे. शालिकरामनं तो कॅमेरा सदऱ्याच्या खिशात घालून पाहिला. गेला, पण खिसा असा फुगला की पुष्पाला हसू आलं. बाबा, कोंबडी घेऊन चालले वाटते, ती म्हणाली. तिनं टीव्हीवरचं स्वतःचं चालणं पाहिलं की नाही, हे त्याला कळलं नाही. पाहिलं असावं. बाकावरून पडदा सरळ समोर होता.

हे सगळं परासियाच्या पत्रामुळे. गुणवंता नावाचा मुलगा, तिकडच्या कोळशाच्या खाणीत हजेरी-कारकून, तिशीचा, निर्व्यसनी. त्याचे मामा रघुनाथराव यांनी 'सप्रेम जयभीम' लिहून कळवलं होतं की मुलीचा फोटो घरात सगळ्यांना पसंत आहे. फक्त मुलाची आई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेली, कमरेखाली अंग गेलेलं, तिला येणं शक्य नाही आणि तिची इच्छा आहे की सून चालताना-बोलताना एकदा डोळ्यांनी बघावी. हल्ली लोक कॅसेट पाठवतात. आपला तर धंदाच तो. आईला कॅसेट पसंत पडली की पाहण्याचा कार्यक्रम वगैरे काही नको, सरळ साखरपुड्यालाच येतो. शालिकरामनं ते पत्र इतक्यांदा वाचलं होतं की घडीवर कागद फाटत चालला होता. आजवर सात जण येऊन गेले. पहिल्या तिघांनी ती पोह्यांच्या बशा घेऊन आली तेव्हाच पाहिलं. मग वत्सलानं, त्याच्या बायकोनं, पाहुणे यायच्या आधीच पोरीला सतरंजीवर बसवायला सुरुवात केली, तेव्हा बाकीच्या चौघांनी ती उठली तेव्हा पाहिलं. सगळे चांगल्या तोंडानं गेले. कोणी उणा शब्द बोललं नाही, आणि पत्र कोणाचंच आलं नाही. हे आठवं स्थळ पहिल्यांदा असं होतं की जिथं मधली सतरंजी नव्हती.

बस निघाली. पुष्पा खिडकीशी, तो कडेला. जामसांवलीच्या फाट्यावर हनुमानाला जाणारे उतरले. एका बाईला दोघांनी दंडाला धरून उतरवलं, ती पायरीवर बसून राहिली आणि बाकीचे तिच्यावरून ओलांडून गेले. पुष्पा मान वळवून तिच्याकडे बघत राहिली. शालिकराम पुष्पाकडे बघत होता. चेहरा चांगला होता, कोणालाही आवडावा असा. हा चेहरा त्यानं किती वेळा काढला होता! तीन वर्षांची असताना ताप आला, उतरला आणि पाय घेऊन गेला, त्यानंतरचे तिचे सगळे फोटो त्यानंच काढलेले. शाळेचा, मॅट्रिकचा, शिवणाच्या परीक्षेचा; सगळे कमरेपासून वर. एकच उभा होता, स्थळांना पाठवायचा. त्यात तिच्या डाव्या पायाखाली अर्धी वीट होती, वर पोत्याचा तुकडा, त्यावरून साडीचा घेर. खांदे बघा कसे एका रेषेत आले, असं तो तेव्हा वत्सलाला म्हणाला होता, आणि त्याला खरोखरच आनंद झाला होता. आज बसमध्ये त्याला वाटलं की त्या फोटोत ती कुठे बघत होती? समोर नाही. पायाखालचं हलू नये म्हणून माणूस श्वास धरतं, तशी धरून उभी होती. ते त्याच्या ध्यानात कसं आलं नाही? आणि चालणं? सव्वीस वर्षांत तिचं चालणं आपण पाहिलंच नाही का? रस्त्यानं तो नेहमी चार पावलं पुढे असायचा. माझी चाल पहिल्यापासून झपाझप, असं तो सांगायचा आणि लोकांनाही ते पटायचं. रोज ती जाम नदीचा पूल ओलांडून सावरगावला शिवणवर्ग घ्यायला जायची, पोळ्यानंतर दोन्ही काठांवरून दगडांचा मारा होतो तो गोटमारीचा एक दिवस सोडला तर वर्षभर, आणि तिच्या निघायच्या वेळेला तो डार्करूममध्ये असायचा. योगायोग म्हणावा तर रोजचा.

त्याच्या हाताला यश आहे असं लोक म्हणत. शालिकरामकडे फोटो काढला म्हणजे निम्मं लग्न झालं, असं पार मोहगावपर्यंत बोललं जायचं. तिरळी असेल तर तो मान वळवून घ्यायचा, दात पुढे असतील तर ओठ मिटवून मनात आकडे मोजायला सांगायचा, बुटकी असेल तर मागची कुंडी लहान ठेवायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मूठ झाकायची कशी हे त्याच्याइतकं कोणाला येत नव्हतं. याला तो फसवणूक समजत नव्हता. चारचौघांत जाताना आपण धुतलेले कपडे घालतो ती काय फसवणूक असते? पाच वर्षांपूर्वीपर्यंत त्याची ही समजूत घट्ट होती.

पाच वर्षांपूर्वी मोहगावहून कवडू आणि केसरबाई आपल्या यमुनेला घेऊन आले होते. संत्र्याची थोडी बाग असलेली साधी माणसं. मुलीच्या मानेवर, कानाच्या जरा खाली, रुपयाएवढा पांढरा डाग होता. शालिकरामनं टेबलावरची डबी काढून दिली. स्नो, पावडर आणि गेरू यांचा तो त्यानं स्वतः घोटलेला रंग होता, नाटकवाल्यांकडून शिकलेला. केसरबाईनं तो लावला. परक्या मुलीच्या मानेला आपण कसा हात लावणार, म्हणून तो तिपाईमागून सांगत होता, थोडं खाली, आता पुसून घ्या. फोटो उत्तम आला. जाताना केसरबाईनं ती डबी मागून नेली. तेव्हा त्याला ते गमतीचं वाटलं; पाहुणे पाहायला येतील त्या दिवसासाठी ती नेते आहे हे त्याच्या उशिरा लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावरही त्यानं मनाशी म्हटलं, पदरी पडलं पवित्र झालं, एकदा अक्षता पडल्या की कोण डाग बघतं. सासरच्या लोकांनी लग्नाच्या बाराव्या दिवशी बघितला. पोरीला परत आणून सोडलं आणि फोटोही परत केला, तिच्याच हातात दिला. मग महिनाभरानं ती बागेतल्या विहिरीत सापडली.

त्याला अपेक्षा होती की कवडू येईल आणि शिव्या देईल. रोज दुकान उघडताना तो त्या शिव्या ऐकायची तयारी करायचा. कवडू आला दिवाळीनंतर. डोक्यावरचा दुपट्टा काढून खुर्चीवर बसला, पाणी प्यायला, आणि तो फोटो पुढे ठेवून म्हणाला, "हा मोठा करून द्या भाऊ, भिंतीले लावाले. पण तो डाग राहू द्या. डागाबिगर आमची यमुना वाटत नाई."

डाग राहू द्या! जणू डाग तिथं होता आणि शालिकराम तो ठेवायचा की काढायचा एवढंच ठरवणार होता. निगेटिव्हमध्ये काहीच नव्हतं. कॅमेऱ्यासमोर यायच्या आधीच तो बुजवला होता. रंगवून काढावा लागणार होता. त्यानं फोटो मोठा केला, ब्रश घेतला, पांढरा रंग कालवला आणि तिथं त्याचा हात थांबला. कोणत्या बाजूला? कानाखाली, हे पक्कं. डाव्या की उजव्या? त्याला आठवेना. केसरबाई मध्ये उभी होती. भिंगातून तर सगळं उलटंच दिसतं. मोहगावला जाऊन विचारता आलं असतं, एक माणूस पाठवता आला असता, पण विचारायचं म्हणजे कबूल करायचं की मी तुमच्या पोरीचा डाग झाकला पण पाहिला नाही. तीन दिवस त्यानं विचार केला आणि चौथ्या दिवशी डावीकडे ठिपका दिला. कवडूनं तो फोटो हातात घेऊन खूप वेळ पाहिला. मग दुपट्ट्यात गुंडाळला आणि म्हणाला, "बरं हाय." एवढंच. गेला. त्या बरं हाय-चा अर्थ शालिकराम पाच वर्षं लावत होता. मोहगावातल्या एका भिंतीवर यमुना टांगलेली आहे, आणि तिचा डाग बरोबर जागी आहे की तिचे आईबाप रोज सकाळी एका अनोळखी मुलीला हार घालतात, हे त्याला अजून माहीत नव्हतं. मोहगावचं कोणी दुकानात आलं की तो आतल्या खोलीत जायचा.

घरी आल्यावर वत्सलानं कॅमेरा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि एवढ्याशा डबीत माणूस मावतो कसा म्हणून विचारलं. मग तिनं जे सांगायचं होतं ते सांगितलं, चूल फुंकता फुंकता, त्याच्याकडे न बघता. पोरगी मशीनवर बसलेली घ्यायची, शिवताना. कामाचं कामही दिसतं आणि बसूनही होतं. चार वाक्यं बोलेल. कोणी विचारलं तर म्हणायचं, अंगण लहान आहे. शालिकरामनं हो म्हटलं, कारण बसमध्ये पांढुर्ण्याचा नाका येईपर्यंत त्याचं स्वतःचंही हेच ठरलं होतं. फोटो झाकतो आणि व्हिडिओ उघडं पाडतो असं सौंसरला त्याला वाटलं होतं, त्याची त्याला भीती वाटली होती, पण ते खरं नव्हतं. कॅमेरा खिशातला असो की तिपाईवरचा, चौकट धरणारा हात तोच. साखरपुड्याला परासियाहून जीपभर माणसं येतील, मंडप असेल, विहारात चार वडीलधारे बसलेले असतील. त्यांच्यादेखत कोण उठून परत जाईल? आणि गेलं नाही कोणी, लग्न झालं, तर मग पुढे? बाराव्या दिवशी? शालिकरामनं पुष्पाकडे पाहिलं. ती नवी बटणं एका वाटीत ओतून रंगाप्रमाणे वेगळी करत होती. यमुना काळीसावळी होती, हिच्यापेक्षा उंच होती, दोघींत काही म्हणता काही सारखं नव्हतं. तो पुन्हा पुन्हा हेच स्वतःला सांगत राहिला.

सकाळी ऊन अंगणात चांगलं आलं होतं. वत्सलानं हातमशीन कडुनिंबाखाली पाटावर मांडलं, मागच्या दोरीवरचे कपडे काढले आणि मग, हात भाजल्यासारखी, शेजारी निघून गेली. पुष्पा अबोली रंगाची साडी नेसून बसली. कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला एक बारीक लाल दिवा लागला तो तिनं बोटानं दाखवला, हे काय म्हणून. तो लागला म्हणजे घेणं चालू, विझला म्हणजे बंद, त्यानं सांगितलं. मग तिनं मशीनचं चाक फिरवलं, कापड सरकवलं, वर बघून आपलं नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, सावरगावच्या वर्गात अठरा मुली आहेत हे सांगितलं. आवाज थोडा कापला आणि मग स्थिर झाला. चौकट कमरेपासून वर होती. छान होतं सगळं. त्यानं बटण दाबून थांबवलं आणि म्हणाला, झालं.

पुष्पा उठली नाही. कापडावरचा दोरा तोडत तिनं विचारलं की पत्रात चालताना-बोलताना लिहिलं होतं ना, बोलणं झालं, आता चालणं. त्यानं अंगण लहान आहे असं म्हटलं. ते वत्सलाचं वाक्य होतं आणि त्याच्या तोंडात ते फारच वाईट वाटलं.

"बाबा," ती म्हणाली, "ते बाई दोन वर्षांपासून खाटेवर पडून हाय. कमरेखाली अंग नाई तिले. तिच्यापासून कायले पाय लपवून राहिले तुमी? मले कोणी नाई म्हटलं तं चालते. पण आता वीट नको."

ती हे रागानं म्हणाली नाही. रागानं म्हणाली असती तर त्याला वडीलपण आठवलं असतं आणि तो ओरडला असता. त्यानं मान हलवली. खरंच हलवली, मनापासून. त्या क्षणी त्याला असं मोकळं वाटलं की पाच वर्षांत वाटलं नव्हतं. होऊ दे. त्या बाईला बघू दे, गुणवंताला बघू दे, मामाला बघू दे. येतील ते बघून येतील आणि येणार नाहीत ते तिथेच राहतील, पण बारावा दिवस तरी उगवणार नाही. तो कडुनिंबाच्या बुंध्याशी जाऊन उभा राहिला. पुष्पा फाटकापाशी गेली, पदर खोचला, वळली. त्यानं डोळा लावला, बटण दाबलं. दिवा लागल्याचं बघून ती चालायला लागली.

एक पाऊल सरळ, एक पाऊल ओढलेलं. उजवा खांदा वर, मग डावा खाली. ती घाई करत नव्हती आणि लपवतही नव्हती. चेहरा सरळ त्याच्याकडे होता. त्या चिमुकल्या काचेत ती मोठी होत येत होती आणि शालिकरामला वाटलं, ही माझी मुलगी आहे, ही अशी चालते, आणि त्याला ती फार आवडली. आणखी सहा-सात पावलं होती. डाव्या पायाला अंगणातला एक खडा अडला, ती जराशी कलली, हात हवेत गेला, सावरली. तेवढ्यात त्याचा अंगठा हलला. त्यानं हलवला असं म्हणवत नाही. खांदे एका रेषेत नसले की फोटो घ्यायचा नाही, हे अठ्ठावीस वर्षं ठाऊक असलेला तो अंगठा होता. त्यानं बटण दाबलं. काचेतलं चित्र गेलं नाही. ती तशीच चालत येताना दिसत राहिली, फक्त आता ती कॅसेटवर उतरत नव्हती. परत दाबता आलं असतं. सहा पावलं होती, पाच होती. त्याला ते कळत होतं, अंगठा बटणावरच होता, आणि डोळा न काढता तो तिच्याकडे बघत राहिला, चार, तीन, ती अगदी जवळ येऊन थांबेपर्यंत.

त्यानं कॅमेरा खाली घेतला. पुष्पा त्याच्याकडे बघत नव्हती. ती कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाकडे बघत होती, जिथं आता काही लागलेलं नव्हतं. ते तिनं फाटकापासून येताना कुठे पाहिलं असेल, मध्येच की आत्ता, आणि मध्येच पाहिलं असेल तर पुढची पावलं ती कशी चालली असेल, याचा विचार त्याला करता येईना. तो काहीतरी बोलणार होता. पुन्हा एकदा जा, असं म्हणणार होता. तिनं पदर सोडवला, खांद्यावरून पुढे घेतला आणि त्याला बोलायची वेळ येऊ न देता, पाहुणे निघून गेल्यावर बशा उचलताना ती जशी बोलायची तशा समजुतीच्या आवाजात म्हणाली, "बॅटरी उतरली असन, बाबा."

बॅटरी रात्रभर भरायला लावलेली होती. प्लग तिनंच लावला होता.

"असन," शालिकराम म्हणाला.